एक दिवस जुने टपाल

२३ एप्रिल, रात्र

डार्विन पतिपत्नींची १८५१ सालची पत्रे वाचायला मुद्दामच आजची तारीख निवडली होती. दुपारी बारानंतर मात्र पुढचे पान उलटावेसे वाटेना.

केंट परगण्यातील डाउन या खेड्यातल्या त्या घरात आजारपण इतके मुरलेले होते, की त्याचा हिशेब ठेवला जाई. चार्ल्स डार्विनने १८४९ ते १८५५ या काळात स्वतःच्या प्रकृतीची रोजची नोंद ठेवली आणि बऱ्या दिवसापुढे दोन आडव्या रेघा मारल्या. थंड पाण्याच्या उपचारासाठी त्याने बागेत आडोसा बांधून घेतला होता. एमा, म्हणजे त्याची पत्नी आणि सख्खी मामेबहीणही, खिशात मावणाऱ्या रोजनिशीत मुलांची दुखणी टिपून ठेवी. (आमच्या घरी तापाचे आकडे कॅलेंडरवर लिहिले जात, त्यामुळे ही सवय मला मुळीच परकी वाटली नाही.)

त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी आदल्या वर्षापासून आजाराने कुरकुरत होती. मार्चमध्ये तिला मॅल्व्हर्न येथे डॉ. गली यांच्या जलोपचारासाठी नेले. डार्विनचा त्यांच्यावर भरवसा होता. प्रकृती बिघडल्याचे कळताच १७ एप्रिलला तो तिच्याजवळ पोहोचला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला डाउन सोडता येईना. मग तो तिला दिवसातून अनेकदा लिहू लागला: उलटी किती वेळा झाली, नाडी कशी आहे, पोटात काय टिकले. पाणी पाजल्यावर मुलीने किती अदबीने आभार मानले, हेही त्याने कळवले. पण मॅल्व्हर्नची आजची आशा डाउनला उद्या वाचली जाई, आणि तोवर तिकडे काय घडले असेल, या विचारात एमाला बाकीची मुले सांभाळायची होती. मला डार्विनपेक्षा तिचेच दुःख अधिक कठीण वाटते. त्याच्या हातांना निदान पाण्याचा पेला धरण्याचे काम तरी होते.

२३ एप्रिलला भर दुपारी बारा वाजता ॲनी गेली. त्या दिवशी एमाकडे काहीच निरोप आला नाही आणि त्या न येण्याचा अर्थ तिला कळला. तरीही चार वाजेपर्यंत मधूनमधून आशेचा विचार मनात येत होता, असे तिने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला लिहिले. ते चार तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

डार्विन २४ तारखेला घरी परतला. दफनविधी २५ला मॅल्व्हर्नलाच झाला, आईवडिलांवाचून. तीन आठवड्यांच्या आत, १३ मे रोजी, हॉरेसचा जन्म झाला. ॲनीची लेखनपेटी एमाने जपून ठेवली. तिच्यात टाक होते, कोरे कागद होते, पाकिटे बंद करण्याची लाख होती आणि नंतर ठेवलेली मुलीच्या केसांची एक बट होती.