जाळ आणि धूर संगटच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की ग्राफिक्स कार्डाबद्दल, म्हणजे पडद्यावर गेमचं चित्र काढणाऱ्या कार्डाबद्दल, एक प्रश्न कानावर पडतोच. "कार्ड किती जीबीचं?" दुकानदारही तयार असतो. "चार जीबी, भावा. बिनधास्त ने." संपला व्यवहार. चिप कुठली, मेमरी कुठल्या जातीची, घरच्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) हे झेपणार का, याचा विषयही निघत नाही.

मेमरीच्या जीबीचा आकडा सांगायला सोपा, म्हणून तो खपतो. जीटी १०३० हे कार्ड दोन प्रकारांत आलं. एक जीडीडीआर५ मेमरीचं आणि २०१८ मध्ये आलेलं दुसरं डीडीआर४ मेमरीचं. नाव तेच, दोन्हींत २ जीबी. पण पहिल्याच्या मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी डेटा हलतो, दुसऱ्याच्या १६.८. मार्केट यार्डात गुळाचं गोदाम भलंमोठं आणि दार एका हमालापुरतं, अशी गत. आरटीएक्स ३०६० चंही तेच. १२ जीबीच्या कार्डाला सेकंदाला ३६० जीबीचा वेग आहे, नंतर आलेल्या ८ जीबीच्या भावंडाला २४०. म्हणजे नुसतं गोदाम लहान झालं नाही, दारही अरुंद झालं.

म्हणून जीबीला किंमतच नाही, असंही नाही. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (चित्रातला बारीक तपशील) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जावर, टाकलं की ८ जीबीसुद्धा भरते. उरलेला माल मग मदरबोर्डच्या स्लॉटमधून साध्या रॅममध्ये जा-ये करतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगला दिसतो आणि तरी गेममध्ये मान वळवली की चित्र अडखळतं. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डावर हे फार उघडं पडलं. मेमरी ४ जीबी, तिचा वेग सेकंदाला १४४ जीबी, पण स्लॉटमधल्या चारच लेन (डेटाच्या वाटा) ते वापरतं. पीसीआयई ३.० या जुन्या पिढीचा स्लॉट असलेल्या बोर्डवर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ४ जीबी जातात. मेमरी भरली की १४४ वरून थेट ४ वर. जुन्या ऑफिसच्या पीसीत हे कार्ड बसवणं म्हणजे पैसे घालून मनस्ताप विकत घेणं. अशा पीसीला वेगळी पॉवर केबल न लागणारं जीटीएक्स १६५० बरं. ते ७५ वॅटमध्ये भागवतं आणि तेवढी वीज स्लॉटच देतो. घेताना एवढंच बघायचं, की कार्डावर पॉवरचा सॉकेट नाही ना. काही कंपन्यांच्या १६५० वर तो असतो.

त्यापुढच्या कार्डांना मात्र वेगळी वीज लागते. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, आरटीएक्स ३०६० ला १७०. आणि इथेच सगळ्यात जास्त गाड्या अडतात, कारण कार्डावर तीस हजार घालणारा माणूस एसएमपीएसला पाचशे रुपये द्यायलाही कुरकुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर '४५०' मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचूच नये. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाईनला किती अँपिअर आहेत ते वाचावं. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. त्यात प्रोसेसरही आला आणि कार्डही. वर कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उडी मारतं, ते वेगळंच. मग ऐन मॅचमध्ये पीसी रीस्टार्ट होतो. दोष ड्रायव्हरला, नाहीतर विंडोजला. दोनदा फॉरमॅट मारून झाल्यावरही डब्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 'जाळ आणि धूर संगटच' ही आपल्याकडची शाबासकी. एसएमपीएसने ती मनावर घेऊ नये, एवढंच.

केबल कमी पडली म्हणून हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनी मोलेक्सवरून आठ पिनी जोड काढून देणारेही आहेत. आठ पिनी कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. मोलेक्सच्या बारीक तारा तेवढ्या भाराने तापतात, प्लास्टिक मऊ पडतं. महागड्या कार्डांनाही हे चुकलं नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे नवे १६ पिनी कनेक्टर वितळले, आणि तपासणीत कनेक्टर पुरता आत न बसणं हे मोठं कारण निघालं. फट दिसेनाशी होईपर्यंत दाबायचा आणि तोंडाशीच वायर वाकवायची नाही.

मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लोक पायाखाली रबरी चटई घालतात. दोष अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते, आणि तिसरी पिन जमिनीला पोचलेली नसेल तर ती तिथेच राहते. वायरमनला बोलवावं, चटईचे पैसे वाचतात.

आता हवा. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उसाची काजळी दिसते, तीच पंख्यांतून कार्डाच्या हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) जाते. पावसाळ्यातला ओलावा तिचा थर चिकटवतो. वरून कॅबिनेट असं घेतलेलं, की पुढे बंद काच आणि आत रंगीत दिवे. दिवे हवा ओढत नाहीत! जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट यापेक्षा कधीही चांगलं. साफसफाईला उद्यमनगरातल्या कॉम्प्रेसरवर कार्ड नेणारे आहेत. त्या हवेत टाकीतलं पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि प्रेशरने पंखा इतका गरगरतो की बेअरिंगची वाट लागते. पंख्याचं पातं बोटाने धरायचं, मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापरायचा. चिपचं सरासरी तापमान ७५ अंश आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यावरची सगळ्यात तापलेली जागा, १०५ दिसत असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली असं धरावं. कार्ड उघडलंच तर थर्मल पॅडची (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी जुन्याइतकीच हवी. १ मिलिमीटरच्या जागी दीड घातला की हीटसिंक चिपला नीट टेकतच नाही, आणि कार्ड पूर्वीपेक्षा जास्त तापतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात आलं, त्यांना कॅबिनेट टेबलावर ठेवा हे सांगावं लागत नाही.

डिस्प्लेबद्दल थोडकंच. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेली घरं कमी नाहीत. ६० वर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ नी. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलायचा, झालं. आणि एचडीएमआयची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलीय ना, तेही बघावं. व्हॅलोरंट हा गेम खेळणाऱ्यांनी तर कार्डाआधी रॅम बघावी. ८ जीबीच्या एका कांडीऐवजी दोन लावल्या तर त्या गेममध्ये फरक जाणवतो, कारण तिथे बहुतेक वेळा प्रोसेसर अडत असतो.

जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते कमावणं, बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. एका ठरावीक वेगाने चाललेली चिप सहसा तग धरते, झिजतात पंखे आणि पॅड. आरएक्स ५८० घेताना कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून शेडर (चिपमधले छोटे गणक) किती ते बघावं. मूळ कार्डात २३०४ असतात, २०४८ दिसले तर ते त्याच नावाने विकलं जाणारं हलकं कार्ड. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क हा प्रोग्रॅम पंधरा मिनिटं चालवायचा. पडद्यावर रंगीत ठिपके, पंख्याची खरखर, तापमान चढतच राहणं, यातलं काही दिसलं तर भाव पाडत बसू नये. आणि "घरी नेऊन लाव की, चालतंयच" म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या पीसीवर लावून दाखवावं.