पेटी, किल्ली आणि ‘दफ्तर’

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडली आणि पाठोपाठ शासन निर्णय आला: शाळेत सीसीटीव्ही, तक्रार पेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती. आमच्याकडे पेटी आधीपासूनच होती. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, बरोब्बर कॅमेऱ्याखाली! किल्ली कुठे ते शिपाईमामांनाही आठवेना. कुलूप फोडलं तर आत चॉकलेटचे कागद आणि एक मेलेली पाल.

पेटी माझ्या गळ्यात पडली. मी ती पाण्याच्या टाकीमागे लावली, वर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर रंगवून घेतला आणि दर शनिवारी उघडू लागले. आधी यायचं ते ‘गणिताचे सर फार गृहपाठ देतात’, ‘खिचडीत मीठ नसतं’ असलं. प्रत्येकाचं उत्तर मी परिपाठाला द्यायचे. मीठ खरंच वाढलं. मुलं बहुधा तेवढंच बघत होती.

मग एका शनिवारी वहीच्या पानाचा तुकडा निघाला. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं. नववी ‘ब’मधल्या एका मुलाचं नाव, आणि खाली: ‘दफ्तरात कोयता आहे. सोमवारी सुटल्यावर राडा होणार.’

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न: “लिहिलंय कोणी? वह्या मागवा, अक्षर ताडून बघू.” म्हटलं, “सर, वह्या मागवल्या तर सोमवारच्या आत शाळाभर होईल. पुन्हा पेटीत पालच सापडेल.” अर्धा तास आमची जुंपली. त्यांना संस्थेच्या नावाची काळजी. शेवटी वह्या राहिल्या आणि मी पोलीस ठाण्यात फोन लावला. प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं नोकरी झाल्यावर.

संध्याकाळी ते साध्या कपड्यांत आले, आम्ही दोघं मुलाच्या घरी गेलो. आईने दप्तर उपडं केलं. भूगोलाच्या पुस्तकामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. पोरगं रडायलाच लागलं. टपरीवरची तीन मोठी मुलं महिनाभर त्याच्याकडून पैसे उकळत होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“चहाडखोर म्हणतात, मॅडम.”

त्याने पंधरा दिवस मोबाइलवर कोयत्याचं स्टेटस ठेवलं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेलं. काहींनी वर हसण्याची चित्रं पाठवलेली. वर्गशिक्षिका मी, आणि मला पत्ता नाही. याचा राग मला अजून येतो, स्वतःचाच.

टपरीवाल्या मुलांचं पोलिसांनी बघितलं. हा मुलगा बाल कल्याण समितीपुढे गेला, समुपदेशन सुरू झालं, आता पुन्हा वर्गात बसतो. चिठ्ठी मी फाडून टाकली.

दोन आठवड्यांनी निबंधाच्या वह्या तपासत होते. एका वहीत तिसऱ्या ओळीत ‘दफ्तर’. खाली पुन्हा ‘दफ्तर’. एरवी मी अशा शब्दाला लाल गोल करून दहा वेळा लिहायला लावते. पेन टेकवलं होतं. उचललं, आणि पान उलटलं.