लाइट गेली तर लिफ्ट पडेल का?

"लाइट गेली तर पडेल का रे ही?" गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या काकूंनी लिफ्ट मेकॅनिकला विचारलं.

मान वर न करता तो म्हणाला, "काकू, करंट ब्रेक लावायला नाही, ब्रेक सोडायला लागतो."

मीही मशीनरूममध्ये डोकावलो. मोटरच्या ड्रमला दोन्हीकडून आवळणारे ब्रेक, त्यांच्यावर जाड स्प्रिंगा आणि शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यात वीज आली की आतलं लोखंड चुंबक बनतं आणि स्प्रिंगला न जुमानता ब्रेक उघडतं. खट्! वीज गेली की चुंबकत्व संपलं, स्प्रिंगने ड्रम धरलाच.

इंग्रज संशोधक विल्यम स्टर्जनने १८२५ साली जेमतेम २०० ग्रॅम लोखंडाला तार गुंडाळून असंच विजेचं चुंबक केलं आणि ४ किलो वजन उचललं, तेव्हा कौतुक होतं ते उचलण्याचं. भंगाराच्या क्रेनचंही तेच. वीज बंद, माल खाली. इथे मात्र सगळी भिस्त चुंबकाच्या सोडून देण्यावर!

ऑफिसातलं कार्डवालं चुंबकी दार याच्या उलट. वीज तुटली की ते उघडायला हवं, आगीत माणसं अडकायला नकोत म्हणून.

तुमच्याकडचं उघडतं का? कधी बघितलंय?