धापेवाड्याच्या वाटेवरचा वाद

नागपुरातून पंढरपूरची पायी वारी ज्यांना झेपत नाही, ते आषाढीला धापेवाड्याला जातात. कळमेश्वर तालुक्यातले हे गाव विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाते. तिथे विठ्ठल आहे आणि गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे. २०२५ साली आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख ६ जुलै या एकाच दिवशी आली. त्याआधी १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या प्रश्नावरून नागपूरच्या महाल आणि हंसापुरी भागात दंगल उसळली होती, अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली होती, आणि आमच्या दिंडीतली निम्मी माणसे त्याच भागात राहणारी असल्यामुळे यंदा दिंडी काढावी की नाही इथपासूनच चर्चा सुरू झाली होती. शेवटी वीणेकरी गुरुजींनी निकाल दिला की, दिंडी कधी परिस्थिती पाहून काढायची नसते. मला तो निर्णय पटला, कारण मात्र पटले नाही. परिस्थिती पाहूनच काढायला हवी, असे माझे मत होते.

दशमीला पहाटे काकडा आटोपून आम्ही निघालो. काटोल नाका मागे पडेपर्यंत वाहनांच्या गर्दीत टाळांचा मेळ बसत नव्हता. फेटरीच्या पुढे पाऊस लागला आणि काळ्या मातीचा चिखल चपलांना असा चिकटू लागला की बहुतेकांनी चपला काढून पिशवीत टाकल्या. दोन्ही बाजूंना नुकतीच उगवलेली कपाशी, मधूनमधून संत्र्याच्या बागा, आणि ओठांवर ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेद भ्रम अमंगळ’. हा अभंग आम्ही इतक्या सहजपणे म्हणतो की, त्यातला ‘अमंगळ’ हा शब्द आपल्यालाही लागू होऊ शकतो हे म्हणताना कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या वर्षी माझ्यासोबत नागपूरच्याच इंदोरा भागात राहणारे माझे एक जुने सहकारी होते. ते बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर त्यांचे वडील हजर होते. संत चोखोबांचे आणि त्यांच्या पत्नी सोयराबाईंचे अभंग त्यांना आमच्या दिंडीतल्या कुणाहीपेक्षा जास्त पाठ आहेत. निघतानाच त्यांनी गुरुजींना स्पष्ट सांगितले होते, “मी चालीन, टाळ धरीन, अभंगही म्हणीन, पण देवळात येणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस आहे मी.” गुरुजींनी मान डोलावली. परंतु दुपारच्या विसाव्याला दोघातिघांनी हा विषय काढलाच. देवळात यायचे नाही तर वारीला यायचे कशाला, असा त्यांचा रोख होता.

मित्राने राग धरला नाही. त्यांनी सोयराबाईंचा अभंग म्हटला : ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोंवळा तो झाला कवण धर्म ॥’ मग म्हणाले, “या बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या देवळाने दिले नाही. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून गेले, त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर राहिली, आणि त्यांच्या माणसांसाठी दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मधली सहाशे वर्षे अभंग गायले जातच होते ना? बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे चोखोबा आमचे आहेतच. विठोबाला नमस्कार करायचा की नाही, हा प्रश्न वेगळा.”

यावर कुणालाही धड उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर द्यायला नकोच होते. ज्यांना शतकानुशतके आत येऊ दिले नाही, त्यांनी आज आत न येण्याचे ठरवले, तर त्या नकाराचाही मान राखावा लागतो. आमच्यातल्या काहींना तो नकार अपमान वाटला. दार उघडणाऱ्याला आभाराची अपेक्षा असते, तेच यात दिसले.

मुक्काम कळमेश्वरला होता. रात्री कीर्तन, आणि कीर्तनाला उभा राहणारा मुलगा विशीतला. त्याने निरूपणासाठी एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड घ्यायचे ठरवले होते. ही गोष्ट जेवताना, झुणका-भाकरीच्या पंगतीतच फुटली आणि वाद पेटला. एक ज्येष्ठ टाळकरी म्हणाले, “या वर्षी हे नको. उगाच कुणी मोबाईलवर चित्रण करील आणि अर्धेच पुढे पाठवील.” भीती अवास्तव नव्हती. त्या भारुडात तुर्क हिंदूंच्या देवांच्या पुराणकथांची टिंगल करतो, हिंदू त्याला त्याच्या आचारांतल्या विसंगती दाखवतो, दोघेही एकमेकांना मुळीच सोडत नाहीत, आणि एवढे भांडण झाल्यावर शेवटी ते एकमेकांना मान देतात. तुर्काची भाषा दखनी वळणाची, हिंदूचे उत्तर मराठीत. नागपूरच्या कानाला तर ही मिसळ रोजचीच आहे.

मला या भारुडाविषयी दोन प्रकारच्या माणसांचा त्रास होतो. व्यासपीठावर सर्वधर्मसमभावाचे भाषण करणारे त्यातली फक्त शेवटची भेट सांगतात. द्वेषाचे राजकारण करणाऱ्यांना त्यातल्या फक्त शिव्या हव्या असतात. नाथांनी दोन्ही लिहिले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते, आणि परंपरा असे मानते की जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी सत्पुरुष होते. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमदही चांद बोधल्यांचेच शिष्य मानले जातात, आणि त्यांच्याविषयी ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ असे म्हटले जाते. अविंध म्हणजे मुसलमान. दुसऱ्या धर्माचा माणूस जिथे गुरुपरंपरेतच उभा आहे, तिथे त्याच्याशी मोकळेपणाने भांडता येते. ज्याच्याशी कधी बोलणेच होत नाही, त्याच्याविषयी मात्र एकतर गोडगोड बोलावे लागते किंवा दगड उचलावा लागतो. दरवर्षी वारीच्या दिवसांत मुस्लिमांनी वारकऱ्यांना चहा पाजल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. ते खोटे नसते. पण मार्चमध्ये आमच्या गल्लीत दगड आले, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या एकाही माणसाचा फोन नंबर माझ्याजवळ नव्हता, आणि त्यांच्याजवळ माझा असण्याचे कारण नव्हते.

वादाचा निकाल पुन्हा गुरुजींनी दिला, आणि या वेळी मला त्यांचे कारणही पटले. ते म्हणाले, “म्हणायचे तर अख्खे म्हणा. गाळून म्हणायचे असेल तर हरिपाठ घ्या.” मुलाने अख्खे म्हटले. मोहरमची नववी रात्र असल्यामुळे गावात कुठेतरी ताशे वाजत होते आणि तो आवाज मृदंगाच्या मध्ये येत होता. मुलाने दोनदा थांबून तो जाऊ दिला. देवांच्या टिंगलीच्या ओव्या आल्या, तेव्हा मागच्या रांगेतले दोघे उठून गेले. तुर्काला दिलेल्या उत्तरांवर काहींनी जोराने टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या मला उठून जाण्याइतक्याच खटकल्या. मुलगा त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “माउली, टाळ्या शेवटी.” शेवटी मात्र फारशा वाजल्या नाहीत. बहुतेकांना झोप अनावर झाली होती.

एकादशीला धापेवाड्यात दर्शनाची रांग बरीच लांब होती. मित्र ठरल्याप्रमाणे आत आले नाहीत. मी रांगेतून बाहेर पडून त्यांना शोधू लागलो, तर ते चहाच्या टपरीवर आदल्या दिवशी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या टाळकऱ्यासोबत बसलेले. टाळकऱ्याचा मुद्दा असा की, चोखोबांनी विठोबा सोडला नाही, मग तुम्ही का सोडता. मित्राचा मुद्दा असा की, चोखोबांसमोर दुसरा पर्याय नव्हता, माझ्यासमोर आहे. दोघांचा आवाज चढलेला होता. टाळकऱ्याने मला पाहिले आणि म्हणाला, “तुम्ही मध्ये पडू नका, काकाजी. आमचे अजून व्हायचे आहे.”