ऐकून नव्हे, हात पाहून

नेदरलँड्समधल्या आमच्या हौशी गायकवृंदाने त्या वर्षीचे दोन्ही कार्यक्रम दान मान्नेके यांच्या रचनांना वाहायचे ठरवले, तेव्हा मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. १९३९ साली झीलंड प्रांतातल्या क्रौनिंगन येथे जन्मलेले मान्नेके हे संगीतकार, ऑर्गनवादक आणि वृंदसंचालक. त्यांचे गुरू टोन द लेउव १९६१ साली भारतात येऊन गेले होते, हे वाचल्यावर लहानपणापासून ख्याल शिकलेल्या मला या संगीताविषयी आपलेपणा वाटू लागला.

पहिला कार्यक्रम पियानोचा होता आणि त्यात आम्ही केवळ श्रोते होतो. खरी परीक्षा चर्चमधल्या दुसऱ्या कार्यक्रमाची होती, कारण मान्नेके यांच्या संगीतात जागेलाच फार महत्त्व असते आणि गाणारे एका ठिकाणी उभे राहतीलच असे नसते. मुख्य वृंद वेदीजवळ होता, तर आम्हा आठ जणींना चाळीस मीटर मागे, ऑर्गनच्या सज्जाखाली उभे केले होते. (हा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी नव्हे, त्याच्या नळ्या दोन मजले उंच होत्या.)

पहिल्या तालमीत आम्ही सपशेल मागे पडलो. मी समोरचा सूर कानात घेऊन त्यात माझा सूर मिसळत होते. माझ्या गुरुजींनी तेच तर शिकवले होते. पण चाळीस मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. म्हणजे ऐकून गायले, तर आमचा सूर परत वेदीपाशी पोहोचेपर्यंत पाव सेकंद उलटून गेलेला असे आणि तेवढ्यात पुढच्या गटाचे शब्द पुढे सरकलेले असत.

संचालकांनी उपाय सांगितला: ऐकू नका, हात पाहा. तेही सोपे नव्हते. हाताबरोबर सूर लावला की मुख्य वृंद मागे राहिल्यासारखा भासे आणि त्यांच्यासाठी थांबावे असे मनापासून वाटे. वर बसलेल्या ऑर्गनवादकाची तर आमच्याकडे पाठच होती. ते एका छोट्या पडद्यावर संचालकांचा हात पाहून वाजवत. मी स्वरलिपीच्या प्रत्येक पानाच्या वर शिसपेन्सिलीने ‘बघ’ असे मराठीत लिहून ठेवले, आणि घरी तानपुरा न लावता, केवळ स्वरकाट्याचा एक सूर घेऊन रियाज केला. पाचव्या तालमीला कान पहिल्यांदा गप्प बसला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शेवटच्या रचनेत आम्हाला मुख्य वृंद मागे पडल्यासारखा ऐकू आला, आणि त्यांनी नंतर सांगितले की त्यांना आम्ही मागे पडल्यासारख्या ऐकू आलो. माझ्या शेजारीणबाई मात्र बरोबर मध्यभागी बसल्या होत्या. सारे आवाज त्यांच्यापाशी एकदमच आले, आणि गाणे नेमके कोणत्या बाजूने येते आहे हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आले नाही.