बाटली, कॅन आणि काउंटरसमोरचा फ्रिज

बिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी नोकरी करतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतून मालाबद्दल ज्या तक्रारी येतात, त्यांची शहानिशा करणे हे माझे काम आहे. बहुतेक तक्रारी ठरावीक असतात: गॅस कमी आहे, झाकण सैल आहे, बाटलीत काहीतरी तरंगते आहे, पेटीत फूटतूट झाली आहे. मे महिन्यात सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरील एका परमिट रूममधून आलेली तक्रार मात्र निराळी होती. 'तुमची बाटलीतली बिअर खराब लागते, कॅनमधली चांगली लागते. बाटल्यांचा सगळा माल परत घ्या,' असे मालकांनी डेपोला कळवले होते. आमच्या कारखान्यात एकाच टाकीतून गाळून तयार झालेली बिअर एका बाजूला बाटल्यांच्या लाइनवर आणि दुसऱ्या बाजूला कॅनच्या लाइनवर जाते. त्यामुळे एकाच बॅचचा माल एकीकडे बिघडतो आणि दुसरीकडे बिघडत नाही, ही गोष्ट डेपोतल्या मंडळींना पटेना, आणि त्यांनी ती गिऱ्हाइकांच्या लहरीवर ढकलून दिली. मला तसे वाटले नाही, कारण तक्रार ३३० मिलिलिटरच्या हिरव्या पाइंटबद्दल, म्हणजे छोट्या हिरव्या बाटलीबद्दल होती.

दुपारी गर्दी सुरू होण्याआधी मी तिथे पोहोचलो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. फ्रिजमधून एक बाटली काढली, झाकण उडवले आणि ती माझ्या नाकासमोर धरली. "साहेब, आधी वास घ्या, मग बोला. गिऱ्हाईक भरलेली बाटली उगीच परत करत नसतंय." वास घेताच मला प्रकार कळला. जळक्या रबराचा, त्यात थोडा लसणाचा असा तो दर्प होता आणि एकदा तो ओळखीचा झाला की माणूस विसरत नाही.

हा दर्प कारखान्यातून येत नाही, तो उजेडाने तयार होतो. बिअरला कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे येतो. त्या कडवट द्रव्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला, की बिअरमध्ये मुळातच असलेले रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, तो प्रकाश शोषून घेते आणि त्या द्रव्याचा एक तुकडा मोडून पडतो. गंधकाशी जोडला जाऊन त्याचा जो नवा पदार्थ तयार होतो, तो इतका उग्र असतो की एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. उजेडाने बिअरचा वास बिघडतो, याची नोंद जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंटनर यांनी १८७५ मध्येच केली होती. तपकिरी काच हा घातक प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी काच थोडाच अडवते आणि पांढरी, म्हणजे बिनरंगी पारदर्शक काच जवळजवळ अडवतच नाही. कडक उन्हात पांढऱ्या किंवा हिरव्या बाटलीतील बिअर काही मिनिटांतसुद्धा बिघडू शकते. पांढऱ्या बाटलीत बिअर विकणाऱ्या काही कंपन्या त्यासाठी हॉप्सचा मुद्दाम बदललेला अर्क वापरतात. तो उजेडाने तसा मोडत नाही. आमच्या मालात तो नसतो.

मग मी फ्रिज पाहिला. काउंटरशेजारी, पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून, काचेच्या दाराचा तो उंच फ्रिज उभा होता आणि दुपारचे ऊन थेट त्याच्या खालच्या दोन कप्प्यांवर येत होते. आतल्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या पट्ट्या होत्या आणि अण्णांनी सांगितले की त्या रात्रंदिवस चालू असतात, कारण त्यांना वेगळे बटणच नाही. फ्रिजच्या माथ्यावर आमच्याच ब्रँडचे नाव चमकत होते. विक्री विभागाने हा फ्रिज दिला होता आणि पुढच्या रांगेत हिरव्या बाटल्याच दिसल्या पाहिजेत, अशी अटही घातली होती. म्हणजे माल बिघडवण्याची सोय आम्हीच केली होती आणि दोष गिऱ्हाइकांच्या लहरीला द्यायला डेपो तयार होता. मला या गोष्टीचा राग आला आणि तो मी अण्णांपासून लपवला नाही.

प्रश्न इथेच सुटला असता, पण मूळ तक्रार करणारे गिऱ्हाईक तोवर येऊन बसले होते. विश्रामबागेत राहणारे, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ तिथे 'सर' म्हणून ओळखले जातात. त्यांचे म्हणणे अण्णांच्या उलट होते. "ही बाटली बिघडली आहे, हे मान्य. पण म्हणून कॅन चांगला ठरत नाही. कॅनला पत्र्याची चव असते. चांगल्या बाटलीची सर कॅनला येणार नाही." अण्णांचे मेहुणे लगेच म्हणाले, "सर, आता सगळी पोरं कॅनच मागत्यात." वाद वाढू लागला, तेव्हा मी चाचणी घेण्याचे सुचवले आणि सर्वांनी ते उचलून धरले.

मागच्या खोलीत, सीलबंद पुठ्ठ्याच्या पेट्यांत, त्याच बॅचच्या हिरव्या बाटल्या होत्या. त्यांना उजेड लागलेला नव्हता. त्याच बॅचचे कॅनही होते. कॅन बाटलीपेक्षा लवकर गार होतो आणि गार बिअरची चव दबून येते, म्हणून दोन्ही प्रकार बर्फाच्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवले आणि थर्मामीटरने तपासून सारख्याच तापमानाला काउंटरच्या मागे ओतून घेतले. प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवायचे, दोनांत एकच प्रकार, तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा ग्लास कोणता ते सांगायचे, अशी ती पद्धत असते. कशात काय आहे याची चिठ्ठी वेटरने आपल्या खिशात ठेवली. सर, त्यांचे दोन मित्र, अण्णा आणि मेहुणे असे पाच जण बसले.

पहिल्या फेरीत फ्रिजमधली बाटली आणि कॅन होते. पाचही जणांनी वेगळा ग्लास अचूक ओळखला. सरांच्या एका मित्राने तर तोंडालाही लावला नाही, वासावरूनच बाजूला सारला. दुसऱ्या फेरीत पेटीतली बाटली आणि कॅन होते. आता ग्लास पुन्हा पुन्हा उचलले जाऊ लागले, कपाळाला आठ्या पडल्या, बोलणे थांबले. चिठ्ठी उघडली तेव्हा दोघे बरोबर आणि तिघे चूक निघाले. नुसत्या अंदाजाने सांगितले तरी तिघांत एक बरोबर येतो, त्यामुळे याला ओळखणे म्हणता येत नाही. सर बरोबर निघालेल्यांपैकी होते. त्यांनी आग्रहाने फेरी पुन्हा घ्यायला लावली आणि या वेळी ते चुकले. पाच माणसांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, हे मी तिथेही सांगितले आणि अहवालातही लिहिले. तरी जे घडले ते माझ्या आजवरच्या अनुभवाशी जुळणारे होते.

सर मात्र अडून बसले. "मग मला कॅनमध्ये पत्रा का लागतो?" मी त्यांना एक कॅन तसाच तोंडाला लावायला दिला. ते म्हणाले, "हाच. हीच ती चव." त्याच कॅनमधली उरलेली बिअर ग्लासात ओतून दिली. त्यांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि म्हणाले, "आता नाही लागत." कॅन तोंडाला लावला की ओठांना गार धातू लागतो आणि नाक फेसावर न येता झाकणाच्या पत्र्यावर येते. चव म्हणून आपण जे काही सांगतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. शिवाय पाहणाऱ्याचे मतही त्यात मिसळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एडिंबरोच्या विज्ञान महोत्सवात लोकांना एकच बिअर बाटलीतून किंवा कॅनमधून त्यांच्यादेखत ओतून दिली, तेव्हा बाटलीतल्या बिअरला त्यांनी जास्त गुण दिले होते.

आत बिअरला धातू लागतच नाही, हे दाखवायला माझ्या बॅगेत एक वस्तू असते. ती मी टेबलावर ठेवली. कॅनच्याच आकाराची, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ अशी ती पिशवी आहे. सरांनी ती उजेडात धरली, बोटांनी हलकेच दाबली आणि क्षणात ओळखली. "बाहेरचा रंग खरवडून कॅन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवला असणार. ॲल्युमिनियम विरघळलं आणि हे आतलं अस्तर उरलं." अगदी तसेच होते. अमेरिकेत रिचमंड येथे क्रूगर कंपनीने २४ जानेवारी १९३५ रोजी कॅनमधली बिअर पहिल्यांदा विकायला काढली. ते डबे पोलादी पत्र्याचे होते आणि आतून अस्तर दिल्याशिवाय त्यांत बिअर भरणे तेव्हाही शक्य झाले नव्हते. कॅनला पत्र्याची चव असते हा समज तरीही चिकटून राहिला आहे.

मेहुण्यांनी मग मला सरळ विचारले, "म्हणजे तुमच्या मते कॅन की बाटली?" माझे उत्तर ठाम आहे. बिअर राखण्याच्या कामात कॅन उजवा आहे. त्यातून उजेड मुळीच जात नाही आणि झाकणाची दुमडलेली जोडणी हवा आत येऊ देत नाही. बाटलीच्या झाकणाखालच्या अस्तरातून मात्र प्राणवायू अगदी सावकाश आत शिरत राहतो आणि काही महिन्यांनी बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येऊ लागते. उकाड्यात हे अधिक वेगाने घडते. सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल, मग तो कॅन असो की बाटली, लवकर म्हातारा होतो. पण ताजी, अंधारात आणि थंडाव्यात राहिलेली बाटली ग्लासात ओतली, तर ती कॅनपेक्षा तसूभरही कमी पडत नाही. कॅन हातात लवकर तापतो हा त्याचा दोष खरा आहे आणि तोही ग्लासात ओतल्यावर उरत नाही.

बाटलीची बाजू घेताना सरांनी एक मुद्दा काढला, तो मला महत्त्वाचा वाटला. त्यांनी एक रिकामी बाटली उचलून तिच्या खांद्यावरचा आणि बुडाजवळचा घासून पांढुरका झालेला पट्टा दाखवला. "ही कितीदा भरून आली असेल?" आपल्याकडे काचेच्या बाटल्या भंगारवाल्यांमार्फत गोळा होऊन कारखान्यात येतात, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. लाइनवर एकमेकींना घासून तो पट्टा पडतो. चवीशी त्याचा संबंध नाही, पण एका बाटलीचा असा पुनःपुन्हा होणारा उपयोग मलाही मोलाचा वाटतो, आणि बाटली बंद व्हावी असे मी कधीच म्हणणार नाही.

अहवालात मी फ्रिजमधल्या बाटल्यांची भरपाई मंजूर करण्याची शिफारस केली आणि पेट्यांतला माल चांगला असल्याने तो परत घेण्याचे कारण नाही, असे लिहिले. अण्णांनीही ते मान्य केले, कारण ती बिअर त्यांनी स्वतः पिऊन पाहिली होती. फ्रिजमधले दिवे बदलावेत किंवा त्यांना बटण तरी द्यावे आणि पुढच्या रांगेत हिरव्या बाटल्यांची अट काढावी, अशी मागणी मी विक्री विभागाकडे लेखी केली. ब्रँड उठून दिसला पाहिजे, असे उत्तर आले. मी ती मागणी पुन्हा पाठवली आहे आणि या वेळी सोबत प्रयोगशाळेने त्या बाटल्यांवर दिलेला अहवालही जोडला आहे. अण्णांनी मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पुढच्या रांगेत कॅन लावले, त्यांच्या मागे तपकिरी बाटल्या ठेवल्या, आणि हिरव्या पाइंट आता सीलबंद पेटीतून लागतील तेवढ्याच काढून लाकडी झाकणाच्या बर्फपेटीत गार होतात.