सागवानी पेटीचे चार कोपरे

घरातल्या एका जुन्या दाराच्या सागवानी फळ्या बरीच वर्षे माळ्यावर पडून होत्या. त्यांची हत्यारांसाठी पेटी करायची आणि चारही कोपरे आरपार डव्हटेलने, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या दातांच्या सांध्याने जोडायचे, असे मी ठरवले. अर्ध्या लपलेल्या डव्हटेलमध्ये सांध्याचे टोक एका बाजूने झाकलेले राहते. आरपार सांधा मात्र दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे त्यात झाकपाक चालत नाही. पेटीच्या कड्या आखूड बाजूंना येणार होत्या, म्हणून टेल (टोकाला रुंद होणारे शेपटीसारखे दात) लांब फळ्यांवर आणि पिना (टेलांच्या मधल्या खाचांत बसणारे दात) आखूड फळ्यांवर घेतल्या. कडी धरून कितीही ओढले तरी निमुळत्या टेलांमुळे आखूड बाजू निसटत नाही. ड्रॉवरच्या दर्शनी फळीचे गणितही हेच असते.

हे दात राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, कापले आणि त्याला दिशा द्यायला जिग हा साचा वापरला. माझ्या जिगच्या पट्टीला एका कडेला सरळ खाचा आणि दुसऱ्या कडेला निमुळती बोटे आहेत. सरळ खाचांतून डव्हटेल बिट (टोकाला रुंद होणारा) फिरवून टेल निघतात, निमुळत्या बोटांच्या कडेने सरळ बिट फिरवून पिना निघतात, आणि दोन्ही वेळा राउटरच्या तळाचा गाईड बुश (बिटभोवतीचे कडे) पट्टीला घासत जातो. खाचांमधले अंतर एक इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर आहे. मी फळ्या 240 मिलिमीटर रुंद ठेवणार होतो. पण मग एका कडेला अर्धी पिन आणि दुसऱ्या कडेला बेढब तुकडा उरला असता. म्हणून नऊ खाचांच्या हिशेबाने फळ्या 228.6 मिलिमीटरवर आणल्या.

खरा वेळ गेला तो तयारीत. फळ्या 18 मिलिमीटर जाडीच्या आहेत असे मी गृहीत धरले होते. कॅलिपर लावल्यावर कुठे 17.6 तर कुठे 18.3 भरले. सगळ्या पुन्हा रंधून 17.5 वर आणल्या, टोके गुण्याने तपासली आणि प्रत्येक फळीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने खूण केली. दारातल्या जुन्या खिळ्यांचे तुकडे लोहचुंबक फिरवून शोधले, तरी एक राहिलाच आणि सरळ बिटच्या कार्बाइडचा टवका उडवून गेला. सागात सिलिका असल्याने बिटची धार आधीच लवकर बोथट होते, त्यात ही भर.

डव्हटेल बिट टोकाला रुंद असल्याने एकाच खोलीवर, एकाच दमात चालवावे लागते. थोडे थोडे खोल जाण्याची सोय नसते. माझा बिट 12.7 मिलिमीटरचा आणि 8 अंशांचा आहे, त्यामुळे या जाडीला खाचेचे तोंड सुमारे साडेसात-पावणेआठ मिलिमीटर उरते. तेवढ्या जागेतून आधी 6 मिलिमीटरचा सरळ बिट फिरवून मधले लाकूड काढून टाकले, म्हणजे डव्हटेल बिटवरचा भार हलका झाला. कापाची खोली समोरच्या फळीच्या जाडीहून अर्धा मिलिमीटर जास्त ठेवली. बाहेर आलेली टोके नंतर रंध्याने सपाट करता येतात, पण आत राहिलेली टोके बाहेर आणता येत नाहीत. बिट बाहेर पडतो त्या बाजूला ढलप्या उडू नयेत म्हणून मागे टाकाऊ फळी बांधली.

एवढे करूनही दुसऱ्या लांब फळीवर माझ्याकडून चूक झालीच. खाच पूर्ण होताच, बिट आत फिरत असतानाच, मी सवयीने राउटर उचलला. टेलचा कोपरा तर उडालाच, पण जिगच्या पट्टीलाही ओरखडा पडला. राउटर बंद करून, बिट थांबल्यावर सरळ मागे ओढून घ्यायचा असतो, हे मला पाठ होते, हाताला नव्हते.

पिनांचा घट्टपणा पट्टी मागेपुढे सरकवून जुळवायचा असतो. बोटांचा अरुंद भाग फळीवर आला की पिन बारीक होते. 8 अंशांच्या उताराला पट्टी 1 मिलिमीटर सरकवली की पिनेची रुंदी जवळपास 0.28 मिलिमीटरने बदलते, म्हणून स्क्रू अगदी जपून फिरवावा लागतो. त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावरचा पहिला सांधा शिरेचना. पट्टी 1 मिलिमीटर सरकवली तर तो खडखडू लागला. अर्धा मिलिमीटर परत आणल्यावर हाताने अर्धा बसला आणि लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पुरता गेला. सरसाला जागा हवी, म्हणून याहून घट्ट ठेवला नाही.

त्यानंतरचे काम दुपारभरात उरकले. उडालेल्या कोपऱ्यात त्याच फळीची पातळ चकती बसवली, पण तिचे रेषे आडवे गेले. पॉलिशनंतर ती जागा आणखीच उठून दिसते, म्हणून तो कोपरा मी भिंतीकडे करून ठेवला आहे.